गुणवत्ता शिष्यवृत्ती शोधताना : नागपुरातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

महाविद्यालयीन शिक्षणाच्या खर्चात सर्वांत मोठी बचत कोठे होते, असे विचारले तर बहुतेक पालक एखाद्या न्यासाच्या किंवा कंपनीच्या शिष्यवृत्तीचे नाव घेतात. प्रत्यक्षात ही बचत प्रवेशाचे पर्याय भरतानाच बऱ्याच अंशी ठरून जाते, आणि त्या वेळी हाती योग्य दाखले नसतील तर उत्तम गुण असूनही ती हातची जाते. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की आधी दाखले आणि प्रवेशाच्या जागेतच असलेली सवलत, मग शासनाच्या योजना, त्यानंतर आईवडिलांच्या कामामुळे मिळणारे हक्क आणि त्यापुढे खासगी शिष्यवृत्त्या यावेत. योजनांच्या अटी, रकमा आणि मुदती शासन वेळोवेळी बदलते. त्यामुळे येथे दिलेले आकडे दिशा दाखवण्यासाठी आहेत असे समजून, अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना संकेतस्थळावर स्वतः वाचावी.

जुन्या याद्यांपासून सावध राहणेही आवश्यक आहे. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये 'इन्स्पायर' कार्यक्रमात विलीन झाली आणि राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली, तरीही या दोन्ही नावांचे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत असतात आणि विद्यार्थी त्यांची तयारी करण्यात वर्ष घालवतात.

दाखले एप्रिलमध्येच काढावेत

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हा जवळजवळ प्रत्येक योजनेचा पाया आहे. हा दाखला साधारणपणे ३१ मार्चपर्यंत ग्राह्य असतो, म्हणजे बारावीची परीक्षा सुरू असताना काढलेला दाखला प्रवेशाच्या वेळी निरुपयोगी ठरतो. नवे आर्थिक वर्ष सुरू होताच, एप्रिलमध्ये, आपले सरकार सेवा केंद्रातून अथवा घरबसल्या त्याच संकेतस्थळावरून अर्ज करावा. निकालानंतर जूनमध्ये सेतू केंद्रांवर जी गर्दी उसळते, तिच्यात दाखल्याला किती दिवस लागतील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण ही दोन वेगळी तहसील कार्यालये आहेत. आपला पत्ता कोणाच्या हद्दीत येतो हे आधी पाहावे, कारण शहराच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्यांची येथे हमखास गल्लत होते.

उत्पन्नाच्या दाखल्यासोबत अधिवास प्रमाणपत्र, आणि लागू असेल तेथे जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र तयार असावे. यांपैकी जात वैधतेला सर्वाधिक वेळ लागतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात तिच्यावर सर्वाधिक अवलंबून असते, त्यामुळे मूल अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत पडताळणी समितीकडे प्रस्ताव पाठवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

बँक खात्याबाबत एक सूक्ष्म फरक नीट समजून घ्यावा. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी ते खाते आधारशी 'सीड' झालेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासनाची रक्कम राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत ज्या बँकेचे नाव शेवटचे आहे तेथे जाते, आणि एका वेळी एकच बँक या नोंदीत असते. शाळेत असताना उघडलेले एखादे जुने, बंद पडलेले खाते अजून तेथे असेल तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही परत जाते. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे खाते असावे आणि आधारवरील नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरील नावाशी अक्षरशः जुळावे. वडिलांच्या नावाची जागा बदलणे किंवा आडनावाचे स्पेलिंग वेगळे असणे, एवढ्या कारणावरून अर्ज परत येतात.

प्रवेशाच्या जागेतच असलेली सवलत

अभियांत्रिकीच्या पदवी आणि पदविका अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफी योजना असते. तिला सर्वजण टीएफडब्ल्यूएस म्हणतात. माझ्या मते ही महाराष्ट्रातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी समजून घेतली गेलेली गुणवत्ता सवलत आहे. प्रत्येक शाखेच्या मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के इतक्या जादा जागा या योजनेसाठी असतात. म्हणजे ६० जागांच्या शाखेत ३ जागा. या जागेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला संपूर्ण अभ्यासक्रमासाठी शिक्षण शुल्क भरावे लागत नाही. राज्यातील उमेदवार असणे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असणे या तिच्या प्रमुख अटी आहेत. जातीच्या प्रवर्गाचा तिच्याशी संबंध नाही, निवड केवळ गुणवत्ता यादीवरून होते.

मात्र ही जागा आपोआप मिळत नाही. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, नोंदणीच्या वेळीच आपण या योजनेसाठी पात्र असल्याचे नमूद करून उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. शिवाय प्रत्येक शाखेसाठी या जागेचा चॉईस कोड स्वतंत्र असतो आणि त्याच्या शेवटी 'टी' हे अक्षर असते. नेहमीचा कोड भरला आणि 'टी'चा कोड भरला नाही, तर गुण कितीही असोत, त्या जागेचा विचारच होत नाही. या जागांचा कटऑफ खुल्या जागांहून बहुधा बराच वर असतो, त्यामुळे पसंतीक्रम ठरवताना राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावरील गेल्या दोन-तीन वर्षांच्या याद्या काढाव्यात आणि आपल्या पर्सेंटाइलच्या आसपास कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या शाखेत ही जागा बंद झाली होती ते पाहावे. एखाद्या नामांकित महाविद्यालयात पूर्ण शुल्क भरून संगणकशास्त्र आणि दुसऱ्या चांगल्या महाविद्यालयात शुल्कमाफीसह तीच किंवा जवळची शाखा, असे दोन पर्याय समोर असतील तर चार वर्षांच्या एकूण रकमेतील फरक कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. माफी फक्त शिक्षण शुल्काची असते. विकास शुल्क, परीक्षा शुल्क व अन्य आकार भरावेच लागतात. आणि या जागेवरून पुढे महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही.

जेईई मेनमधून विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या व्हीएनआयटीत, जाण्याची शक्यता असलेल्यांनी वेगळा हिशेब करावा. सर्व एनआयटींमध्ये कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असल्यास संपूर्ण शिक्षण शुल्क माफ होते आणि १ ते ५ लाखांदरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफ होते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना उत्पन्न कितीही असले तरी ते भरावे लागत नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी या संस्थेच्या निम्म्या जागा गृहराज्याच्या कोट्यात असतात. नागपूरचा विद्यार्थी घरी राहून शिकत असेल तर वसतिगृहाचा खर्चही वाचण्याची शक्यता तपासावी.

विज्ञानाच्या मूलभूत विषयांत पदवी घेणाऱ्यांसाठी केंद्राची 'इन्स्पायर' उच्च शिक्षण शिष्यवृत्ती आहे. बारावीच्या मंडळ परीक्षेत पहिल्या १ टक्क्यात येणाऱ्या आणि बी.एस्सी. किंवा एकात्मिक एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना तिच्यात वर्षाला ८०,००० रुपये मिळतात; त्यांपैकी ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. वर्षाचे शुल्क तुलनेने कमी असलेल्या शासकीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी ही रक्कम शुल्काच्या कितीतरी पुढे जाते. ज्या मुलांना खरोखर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राची ओढ आहे, परंतु घरच्या परिस्थितीमुळे जी केवळ नोकरीच्या आशेने अभियांत्रिकीकडे वळवली जातात, त्यांच्या पालकांनी ही योजना अवश्य विचारात घ्यावी. शंभरातल्या पहिल्या एकात मूल आले आहे का, हे मंडळाने जाहीर केलेल्या त्या वर्षीच्या सीमारेषेवरून कळते.

दोन शासकीय संकेतस्थळे

राज्याच्या योजनांसाठी महाडीबीटी आणि केंद्राच्या योजनांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, ही दोन दारे प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलीच पाहिजेत. दोन्हींवर अर्जासाठी कोणतेही शुल्क नाही. सायबर कॅफेत अर्ज भरून घेतला तरी युजर आयडी, पासवर्ड आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच ठेवावा, कारण पुढील वर्षी नूतनीकरण त्याच खात्यातून करायचे असते.

महाडीबीटीवर खुल्या प्रवर्गातील मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल तर शिक्षण शुल्काच्या ५० टक्के रक्कम मिळते. एका कुटुंबातील दोन अपत्यांपुरती ती मर्यादित आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळू लागला. परंतु या निर्णयातून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत, तसेच व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेशही चालत नाही. नागपुरात खासगी विद्यापीठे वाढत असताना हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. जिथे प्रवेश घ्यायचा ती संस्था विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आहे की स्वतंत्र खासगी विद्यापीठ, हे विचारल्यावाचून एक रुपयाही भरू नये.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना २.५ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते आणि त्यावर उत्पन्न असल्यास शुल्कमाफीची स्वतंत्र योजना आहे. दहावीत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अकरावी-बारावीत राजर्षी शाहू गुणवत्ता शिष्यवृत्तीही असते. रक्कम लहान आहे, तरी अनेकांना ती माहीतच नसते. काटोल, उमरेड, रामटेक किंवा थेट गडचिरोलीहून येऊन नागपुरात खोली करून राहणाऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना फार उपयोगाची आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी तिच्यात नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीच्या आहेत. यांची चौकशी करायची असेल तर दीक्षाभूमीजवळील सामाजिक न्याय भवनात आणि गिरीपेठेतील आदिवासी विकास भवनात प्रत्यक्ष जावे. दूरध्वनीवर मिळणाऱ्या माहितीपेक्षा समोर बसून मिळणारी माहिती अधिक भरवशाची असते. नीट, जेईई व सीईटीच्या मोफत मार्गदर्शनासाठी इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी 'महाज्योती'कडे लक्ष ठेवावे. तिचे मुख्यालय नागपुरातच आहे.

केंद्राच्या पोर्टलवर आधी एकदाच करायची नोंदणी पूर्ण करावी लागते. तेथील महाविद्यालय व विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय शिष्यवृत्ती खऱ्या अर्थाने गुणवत्तेवर आधारलेली आहे. आपल्या मंडळात, आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत येणाऱ्या आणि ४.५ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणात २०,००० रुपये मिळतात. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी आहेत. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना वाटते की शिष्यवृत्ती ही विज्ञानवाल्यांसाठीच असते. या योजनेत तिन्ही शाखांचा वाटा वेगळा ठरवलेला असल्याने त्यांनी मुळीच मागे राहू नये. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी 'प्रगती' आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 'सक्षम' या तंत्रशिक्षण परिषदेच्या योजनांत वर्षाला ५०,००० रुपये मिळतात आणि दोन्हींची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. एका विद्यार्थ्याला सहसा एकाच शासकीय शिष्यवृत्तीचा लाभ घेता येतो, म्हणून अर्ज करण्यापूर्वी कोणत्या योजनेत हाती जास्त पडते याची तुलना करावी.

घरात आठवीतील धाकटे भावंड असेल आणि ते शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल, तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्ती परीक्षा त्याने द्यावी. उत्पन्नमर्यादा ३.५ लाख असून नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात.

आईवडिलांच्या कामातून मिळणारा हक्क

ज्यांना या योजनांची सर्वाधिक गरज असते, त्यांच्यापर्यंत त्या सर्वांत कमी पोहोचतात, ही खंत वाटते. वडील किंवा आई बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेले असतील आणि नोंदणी जिवंत असेल, तर पहिल्या दोन अपत्यांना दहावी-बारावीत ५० टक्क्यांहून अधिक गुणांसाठी १०,००० रुपये, पदवीसाठी वर्षाला २०,०००, अभियांत्रिकीसाठी ६०,००० आणि वैद्यकीय शिक्षणासाठी १,००,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले तर हा सारा लाभ थांबतो, म्हणून त्याची तारीख घरातील शिकलेल्या मुलाने लक्षात ठेवावी. हिंगणा किंवा बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांच्या पगारातून कामगार कल्याण निधी कापला जात असेल, तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी जवळच्या कामगार कल्याण केंद्रात चौकशी करावी. वेतनचिठ्ठीवरील ही कपातच आपला पुरावा आहे. मनसर, कांद्री भागातील मँगनीज खाणकामगारांच्या आणि विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती राष्ट्रीय पोर्टलवरच असते. माजी सैनिकांच्या पाल्यांना व्यावसायिक पदवीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: बारावीत किमान ६० टक्के, मुलांना महिन्याला २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये.

खासगी शिष्यवृत्त्यांचा अर्ज कसा लिहावा

मध्यमवर्गीय घरांसाठी येथे अधिक जागा आहे, कारण काहींची उत्पन्नमर्यादा बरीच वर असते. रिलायन्स फाउंडेशनच्या पदवी शिष्यवृत्तीत १५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील प्रथम वर्षाचे विद्यार्थी अर्ज करू शकतात, मात्र २.५ लाखांखालील कुटुंबांना प्राधान्य असते; बारावीत ६० टक्के आणि ऑनलाइन अभियोग्यता चाचणी आवश्यक असून संपूर्ण पदवीसाठी २ लाखांपर्यंत रक्कम मिळते. व्यावसायिक पदवी घेणाऱ्या मुलींसाठी कोटक कन्या शिष्यवृत्तीत वर्षाला १.५ लाखांपर्यंत साहाय्य आहे. याशिवाय जवळजवळ प्रत्येक समाजाच्या स्थानिक संस्था निकालानंतर गुणवंतांचे सत्कार करतात. त्यांच्याकडे सत्कारापलीकडे शैक्षणिक निधीही असतो का, हे संकोच न बाळगता विचारावे.

खासगी अर्जात निवेदन लिहावे लागते आणि बहुसंख्य अर्ज तेथेच सारखे दिसू लागतात. गरिबीचे वर्णन लांबवण्यापेक्षा तीन गोष्टी नेमक्या लिहाव्यात: शुल्काची एकूण रक्कम किती, त्यांपैकी घर किती भरू शकते, आणि उरलेली रक्कम मिळाली तर कोणता खर्च भागेल. वडिलांची ऑटो आहे, आई शिवणकाम करते, महिन्याला इतके हाती येतात, घरभाडे इतके, असे सरळ लिहिलेले वाक्य परीक्षकाला पटते. इंग्रजी कमी पडत असेल तर आधी मराठीत लिहून मग शिक्षकांच्या मदतीने भाषांतर करावे. इंटरनेटवरून उचललेला मजकूर मुलाखतीत उघडा पडतो. शिफारसपत्र मागताना शिक्षकांना किमान आठवडाभर आधी गुणपत्रिका आणि माहिती द्यावी. जी संस्था अर्जाबरोबर नोंदणी शुल्क मागते किंवा ओटीपी विचारते, तिच्यापासून दूर राहावे.

महाविद्यालयाने देऊ केलेली सूट

प्रवेशाच्या हंगामात अनेक खासगी संस्था गुणांनुसार पहिल्या वर्षी मोठी सूट जाहीर करतात. समजा, एका संस्थेचे शुल्क २.४ लाख आहे आणि ती पहिल्या वर्षी निम्मे माफ करते. पुढील वर्षांसाठीची गुणांची अट विद्यार्थ्याला गाठता आली नाही तर चार वर्षांचा खर्च ८.४ लाख होतो. दुसऱ्या संलग्न महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क १.२ लाख असून कॅपमधून आलेल्या विद्यार्थ्याला निम्म्याची राज्य शिष्यवृत्ती मिळते. तेथे शिक्षण शुल्काचा चार वर्षांचा भार २.४ लाख राहतो. म्हणून सूट किती टक्के आहे हे विचारण्याऐवजी, पुढील प्रत्येक वर्षी ती टिकवण्यासाठी किती सीजीपीए लागतो आणि दर वर्षी शुल्कवाढ किती होते, हे लेखी मागावे.

अर्ज भरल्यानंतर

अर्ज सादर झाला म्हणजे काम संपले असे समजू नये. तो आधी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती लिपिकाकडे, मग विभागाच्या कार्यालयाकडे जातो, आणि विलंब बहुधा पहिल्याच टप्प्यात होतो. आठवड्यातून एकदा संकेतस्थळावर स्थिती पाहावी, त्रुटीसाठी परत आला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करावा आणि अर्जाची छापील प्रत लिपिकाकडे देऊन पोच घ्यावी. महाविद्यालयाच्या पातळीवर प्रश्न सुटला नाही तर प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन त्याची प्रत संबंधित विभागीय सहसंचालक कार्यालयात द्यावी. शुल्काची रक्कम काही योजनांत थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ती ७ दिवसांत महाविद्यालयाकडे भरणे अपेक्षित असते, त्यामुळे घरच्या दुसऱ्या खर्चासाठी ती वापरू नये. नूतनीकरणासाठी केंद्रीय शिष्यवृत्तीत ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. दुसऱ्या वर्षाचा अर्ज आपोआप पुढे जात नाही. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका हाती येताच, नव्या उत्पन्नाच्या दाखल्याची गरज आहे का हे तपासून, तो पुन्हा भरावा लागतो.